भावकीतल्या रंगांना एका घरात नांदवणाऱ्या पेंटरकाकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घराचे काम संपवून, रोलर धुऊन आणि शिडी टेम्पोत टाकून आपण गेलात, त्याला आता तीन महिने होत आले. मजुरीचे शेवटचे पैसे आपल्या हातात ठेवताना जे बोलायला हवे होते, ते मला त्या वेळी सुचले नाही. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा उंबऱ्यातच थबकतो आणि हे रंग कोणी निवडले असे विचारतो. तेव्हा मी त्याला जे सांगते, तेच सर्वांसमक्ष लिहून ठेवावे म्हणून हे अनावृत पत्र.

रंग मी निवडले, हे खरे आहे. मात्र मी निवडले तसेच ते भिंतींवर चढले असते, तर वर्षभरात सगळे घर पुन्हा पांढरे करण्याची वेळ आली असती. सांगलीत वाढल्यामुळे हळदीचा रंग माझ्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेला आहे. बाहेरची खोली हळदी, बोळ शेंदरी, जेवणघर विटकरी आणि आतली खोली डाळिंबी असावी, आणि बाहेर उभे राहिले की दारांमधून हे चारही रंग एका ओळीत दिसावेत, अशी माझी इच्छा होती. एक भिंत गडद घ्यावी आणि बाकी सर्व मोतिया ठेवावे, असा सल्ला नातेवाईकांनी दिला. (मोतिया रंगाशी माझे वैर नाही, भाड्याच्या खोल्यांत मी त्याच्यासोबत अकरा वर्षे काढली आहेत.) माझे म्हणणे एवढेच होते की हळदीवर चुन्याची निवळी पडली की ती लाल होते, हळदीच्या याच गुणावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कुंकू तयार होत आले आहे, आणि करंड्यात शेजारी शेजारी शोभणाऱ्या रंगांना भिंतींवर बिचकण्याचे कारण नाही.

आपण माझे चारही तुकडे शेडकार्डावर बोटाने दाबून पाहिलेत आणि म्हणालात, "ताई, हे सगळे भावकीतले आहेत. परक्याशी माणूस जपून वागतो. भांडण लागतं ते भावकीत, आणि तेसुद्धा बांधावर." त्या क्षणी मला ते केवळ बोलण्यातले चातुर्य वाटले होते. त्याचा अर्थ पुढच्या चार दिवसांत उलगडत गेला.

दोन फूट लांबीरुंदीच्या पुठ्ठ्यांवर आपण प्रत्येक रंगाचे दोन हात मारलेत आणि एकेका रंगाचे दोन पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात उभे केलेत. एका भिंतीवरचा प्रकाश समोरच्या त्याच रंगाच्या भिंतीवर पडून परततो आणि रंग आणखी दाट होतो, त्यामुळे कार्डावरचा बोटभर तुकडा भिंतीवर कधीच खरा ठरत नाही, हे मला तेव्हा प्रथमच दिसले. माझा हळदी रंग त्या कोपऱ्यात अक्षरशः पेटला होता. तो एक घर फिका घ्यावा, हे आपल्याला सांगावेही लागले नाही.

खरी अडचण विटकरी रंगाची होती. एकटा असताना तो भाजलेल्या मातीसारखा उबदार दिसे, पण डाळिंबीशेजारी ठेवताच मळकट होई. आपण मला डोळे किलकिले करून पाहायला लावलेत. मी मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला, तेव्हा शेंदरी आणि विटकरी यांत करड्या रंगाचा एकच पट्टा उरला. नावे दोन, पण उजळपणा एकच, आणि म्हणूनच ते दुरून एकमेकांत मिसळून जात होते. आपण विटकरीत काळ्या आणि लाल स्टेनरचे, म्हणजे छटा बदलण्यासाठी मिसळायच्या दाट रंगाचे, थेंब मोजून टाकलेत, शेंदरी होता तसाच राहू दिलात आणि डाळिंबी आणखी खोल नेलात. बाहेरून आत जाताना आता प्रत्येक दारापाशी एकेक पायरी उतरल्यासारखे वाटते. पुढे माझ्या वाचनात आले की पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रे विणली जात, तिथला रंगविभाग सांभाळणारे रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी शेजारच्या रंगांचे हेच परिणाम अभ्यासून त्यांचे नियम 1839 मध्ये मांडले. त्यांच्याकडे काळ्या धाग्याला तेज नसल्याची तक्रार आली होती आणि दोष निघाला तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. आपण त्याला बांधावरचे भांडण म्हटले असते.

बांधाची व्यवस्थाही आपणच लावलीत. दोन खोल्यांचे रंग मी दाराच्या कडेवर एकमेकांना थेट भिडवणार होते. आपण चौकटींना गडद सागवानी रंग देऊन त्यांच्यामध्ये हद्द आखलीत. छताच्या पांढऱ्यात हळदीचे चार थेंब टाकलेत, कारण कोरा पांढरा रंग अशा भिंतींवर डब्याच्या झाकणासारखा बसतो. मास्किंग टेप रंग ओलसर असतानाच ओढून काढायची, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या कडा आजही दोरी मारल्यासारख्या सरळ आहेत.

एका गोष्टीबद्दल मला आपली क्षमाही मागायची आहे. दोन हातांनंतर हळदीखालून पांढरी पुट्टी डोकावू लागली, तेव्हा आपण रंगात पाणी जास्त घातले असावे असा संशय मी मनात धरला आणि तो माझ्या आवाजात उतरला. पूर्वीच्या ऑइलपेंटमधला पिवळा दोन हातांत झाकत असे, असे आपण शांतपणे सांगितलेत. त्या पिवळ्यात बहुधा शिशाचे क्रोमेट असे, जे उत्तम झाकते आणि तितकेच विषारी असते. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त असून चालत नाही, आणि शिशाविना केलेले स्वच्छ पिवळे सहसा पारदर्शक असतात, हे मला नंतर कळले. तिसरा हात ही त्या सुरक्षिततेची किंमत होती. आपण त्यासाठी जादा दिवस लावलात आणि जादा मजुरी मागितली नाहीत. दुकानातून मशीनवर मिसळून आलेल्या डाळिंबीच्या दोन डब्यांत फरक निघाला, तेव्हाही आवाज न चढवता आपण दोन्ही डबे एका पिंपात ओतून एकजीव केलेत. मी असते तर दुकानदाराशी भांडत बसले असते आणि भिंत दोन रंगांची झाली असती.

6500 केल्विनची ट्यूबलाइट काढण्याचा आपला सल्ला मात्र मी पंधरा दिवस टाळला. त्या पांढऱ्याफटक उजेडात डाळिंबी खोली रोज संध्याकाळी उदास होई, आणि मी दोष रंगाला देत असे. आता तिथे 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दिवे आहेत आणि रात्रीची जेवणे आतल्या खोलीतच व्हावीत, अशी मागणी मुलांकडून येऊ लागली आहे.

उरलेल्या चारही डब्यांवर आपण खडूने खोलीचे नाव आणि स्टेनरचे प्रमाण लिहून ठेवले आहे. खडू पुसला जाईल म्हणून मी ते वहीत उतरवून घेतले. आपल्या सवडीने, कामाच्या कपड्यांत न येता, एकदा सकुटुंब जेवायला यावे, ही विनंती. बाल्कनीचे काम दिवाळीनंतर काढायचे आहे. तिचा रंग मी अद्याप ठरवलेला नाही. पुठ्ठे मात्र कापून ठेवले आहेत.

आपली कृतज्ञ,
हळदीच्या घरातील ताई