शनिवारच्या बिअर-चाखणीबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता आपण नेहमीच्या ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवतात) भेटतोय. आतल्या बाजूचं, टाक्यांजवळचं लांब टेबल राखून ठेवलंय. येणार असाल तर गुरुवारपर्यंत इथेच नाव कळवा. ऐनवेळी खुर्च्या वाढवता येत नाहीत.

चाखायला चार प्रकार आहेत, आणि क्रम कृपया मोडू नका: आधी पिल्सनर (हलकी, सोनेरी), मग गव्हाची बिअर, मग आयपीए (भरपूर हॉप्सची, कडवट), शेवटी स्टाउट (गडद, काळपट). हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती फुलं; त्यांचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, त्यामुळे आयपीए आधी घेतली तर पिल्सनर पाण्यासारखी लागते. गव्हाची बिअर गढूळ दिसली तर परत पाठवू नका, ती तशीच असते. जर्मन पद्धतीची असेल तर घोट घेण्याआधी वास घ्या. केळं आणि लवंग दोन्ही जाणवतात, आणि ही सगळी करामत यीस्टची. स्टाउट मात्र जरा थांबून प्या. फार गार असताना भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कॉफीसारखा गंध दबून जातो.

काही विनंत्या:
- अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका. शेजारच्याला ग्लासातलं काही कळत नाही.
- जेवून या. दोन प्रकारांच्या मध्ये साधं पाणी घ्या.
- नाही आवडली तर ग्लास तसाच ठेवा, संपवायचा आग्रह कुणीही कुणाला करायचा नाही.
- वयाचा पुरावा सोबत हवा.
- गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही. यात सवलत नाही. परतीची सोय आधीच ठरवा.