लग्नघरी येण्याआधी

मिनियापोलिस
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही चौघंही मजेत आहोत. थंडी सुरू झाली आहे, पण घर गरम असतं, मुलांची जाड जॅकेटं घेऊन झाली आहेत आणि दोघंही नीट जेवून राहिले आहेत. तेव्हा काळजी करू नका. आमच्या नोकऱ्या, घरकाम, रोजचं येणंजाणं हे फोनवर कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही. डिसेंबरात अमेयच्या लग्नाला आम्ही येऊ तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, आणि आम्ही दत्तक घेतलेल्या पूनम-सूरजबद्दल जे सांगायचं आहे ते स्पीकरवर सगळ्यांसमोर बोलण्यासारखं नाही. आधी तुम्ही दोघांनी वाचा, मग मावशीला आणि काकूला वाचायला द्या.

बाबा, तुम्ही विचारलंत की आपलीच मुलं आपल्या घरी आणायला इतका वेळ का. आम्ही टाळत नव्हतो. मुलं दिल्लीहून निघाली ती भारतीय पासपोर्ट आणि दत्तकाच्या व्हिसावर. त्या व्हिसावर इथे उतरलं की २००० सालच्या कायद्याने मूल लगेच इथलं नागरिक होतं, पण कागद मागाहून येतात. आधी टपालाने नागरिकत्वाचा दाखला, त्यावर इथला पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र आणि त्यानंतर ओसीआय, म्हणजे व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. एक झाल्याशिवाय पुढचं हलत नाही. दत्तकाचा आदेश, नवा जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. ओसीआयचा अर्ज भरला आहे. वेळेत आलं नाही तर व्हिसा काढू, पण येणार हे नक्की.

घरी येणाऱ्या बाईंचंही तुमच्या मनात आहे. त्यात संशयाचं काही नाही. भारतातून मूल परदेशी गेलं की पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहिते. तो दिल्लीला कारामध्ये, म्हणजे केंद्रीय दत्तक संस्थेत जातो. उंची, वजन, शाळा, झोप, मुलांचं आमच्याशी कसं जमतंय, एवढंच त्यात असतं. मला तर तो नियम आवडतो. परक्या देशात गेलेल्या मुलाची कोणीतरी विचारपूस करतंय ना!

तान्हं बाळ का नाही घेतलं, हे आई अजून अधूनमधून विचारते, म्हणून एकदाच लिहिते. तान्ह्या बाळासाठी आईबापांची रांग वर्षानुवर्षांची असते. पाच वर्षांवरची मुलं, त्यातही भावंडं, संस्थेतच मोठी होत राहतात. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून दोघांना एकत्र घेणारं घर लागतं, आणि तशी घरं कमी. शिवाय पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. पूनमला विचारलं गेलं आणि ती हो म्हणाली, हे फाइलमध्ये नोंदलेलं आहे. आम्ही तिला निवडलं तेवढंच तिनेही आम्हाला निवडलं आहे. म्हणून आई, तू पत्रिकेवरून सुचवलेली नावं चांगली असली तरी आम्ही ठेवली नाहीत. दहा वर्षांच्या मुलीजवळ स्वतःचं म्हणून जे थोडं असतं त्यात नाव पहिलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सूरज आल्याआल्या कोणाच्याही मांडीवर जाऊन बसेल, गळ्यात पडेल, 'मुझे साथ ले चलो' म्हणेल. सगळे म्हणतील, किती लाघवी पोरगं आहे! तसं समजू नका. संस्थेत सांभाळणाऱ्या बायका पाळीपाळीने बदलतात. पाहुणे येतात, खाऊ देतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तिथे वाढलेलं मूल समोर येईल त्या मोठ्या माणसाला पटकन आपलंसं करायला शिकतं, कारण लक्ष मिळवायचा तोच एक मार्ग असतो. आपलं माणूस कोण आणि परकं कोण, ही रेघ त्याच्या मनात अजून नीट पडलेली नाही. ती पडावी म्हणून पहिलं वर्षभर भरवणं, उचलून घेणं, आंघोळ, लागलं-खुपलं तर जवळ घेणं हे आम्ही दोघंच करतो. इथल्या मैत्रिणींनाही हेच सांगितलं आहे, तुम्हाला वेगळा न्याय नाही.

तेव्हा तो हात पसरून आला तर खाली बसून त्याचा हात हातात घ्या, हसा, आणि 'चलो, मम्मी से पूछते हैं' म्हणून माझ्याकडे आणा. चॉकलेट द्यायचं असेल तर माझ्या हातात द्या, मी देईन. पडला, रडला तर धावू नका, मला हाक मारा. आई, नातवाला कडेवर घ्यायला तू किती आसुसली आहेस ते मला माहीत आहे, आणि तुला हे लिहिताना माझं मन खातं. पण यंदा तू थांबलीस तर पुढच्या वर्षी तो तुझ्याकडे येईल तो आजी म्हणून येईल.

पूनमचं उलट. ती दाराशी उभी राहील, कोणाच्या जवळ जाणार नाही. तिला वीस जणांच्या पाया पडायला लावू नका. लांबून नमस्ते केलं तरी पुष्कळ झालं. सूरजचं ताट वाढणं, त्याच्या नाडीची गाठ सोडवणं, रात्री उठून त्याच्या अंगावर पांघरूण घालणं, हे ती न सांगता करते. सगळ्या बायका 'किती समजूतदार गं!' म्हणतील. तेच नको. भावाला जगवायची जबाबदारी तिने फार लहानपणी अंगावर घेतली आहे, आणि कौतुक झालं की ती आणखी घट्ट धरून ठेवते. त्याऐवजी तिच्या हातातलं ताट काढून घ्या आणि म्हणा, सूरजचं आम्ही बघतो, तू जेव.

खाण्याचं नीट वाचा. दोघं भराभर जेवतात, आणि पूनम पोळीची चौघडी करून उशीच्या खोळीत ठेवते. याला चोरी म्हणायचं नाही. पुढचं जेवण नक्की मिळेल याची खात्री शरीराला पटायला बराच काळ लागतो. इथे त्यांच्या खोलीत एक टोपली असते, केळी, फुटाणे, बिस्किटं आणि पाण्याची बाटली. त्यातलं कधीही, न विचारता खायचं. टोपली संपत आली की आम्ही मुलांच्या डोळ्यांसमोर भरतो, कारण खरा उपयोग त्या बघण्याचाच आहे. तिथेही तशी एक ठेव. स्वयंपाकघराला किंवा फ्रिजला कडी-कुलूप नको. अडीच-तीन तासांनी काहीतरी खायला लागतं, त्यामुळे पंगत दोनला बसणार असेल तर यांना साडेबारालाच वाढून देऊ. उशीत पोळी सापडली तर काही न बोलता ती काढून तिथे बिस्किटाचा पुडा ठेवायचा, म्हणजे नासणार नाही. पोहे तर्रीशिवाय, आणि सावजी रस्सा तर अजिबात नको. संत्रा बर्फी चालेल, दोघांना फार आवडते.

मावशीने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी शाळेत का देत नाही, म्हणून ती रुसली आहे म्हणे. तिला समजावून सांगा. इथे पुष्कळ मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी असते, आणि ती पुरळ उठण्यापुरती नसते. घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब उतरतो, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून शाळेच्या नर्सकडे अशा मुलांसाठी औषध भरलेलं पेन असतं, ते कपड्यांवरूनच मांडीत टोचता येतं. काही शाळांत जेवायला अशा मुलांचं टेबल वेगळं असतं. सूरजच्या वर्गात तर दाणे आणायलाच बंदी आहे. नुसते दाणेच नव्हे, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, चिक्की, काही नाही. पुडक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा माल जिथे होतो तिथे शेंगदाणेही हाताळले जातात, तेवढ्यावरूनही तो डबा परत येतो. वाढदिवसाला घरचा शिरा वाटता येत नाही. दुकानातलं, बंद पुडक्यातलं आणि वर घटकांची यादी छापलेलं असेल तेच चालतं. मूल खाऊन आलं तर हात साबणाने धुवायला लावतात, कारण सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही. मलाही आधी हे सगळं अति वाटायचं, आता पटलं आहे. चटणी आम्ही घरी भाकरीबरोबर खातो, मावशीला सांगा.

फोनवर सूरज गप्प असतो याचा राग मानू नका. त्याची हिंदी उतरत चालली आहे. या वयाची मुलं भोवताली भाषा नसली की काही महिन्यांत बोलणं विसरतात, समजणं त्यापेक्षा थोडं जास्त टिकतं. आम्ही घरात हिंदी आणि मराठी बोलतो, पण भावंडं आपसात आता इंग्रजीच बोलतात. शाळेत इंग्रजीसाठी वेगळ्या बाई आहेत. बोलायचं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येतं, पुस्तकातलं यायला पाच ते सात वर्षं लागतात, म्हणून मार्कांची चौकशी आत्ता नको. सावकाश हिंदीत बोला, आणि 'याला काय म्हणतात सांग' अशी परीक्षा घेऊ नका.

तब्येती चांगल्या आहेत. आल्यावर रक्त, जंत, क्षय, कावीळ ब, शिसं, दात, डोळे, कान सगळं तपासलं, काही तपासण्या सहा महिन्यांनी पुन्हाही केल्या. पूनम भराभर उंच होते आहे. कुपोषणातून सावरणाऱ्या मुली एकदम वाढतात आणि काहींना वयात येणंही लवकर सुरू होतं, म्हणून डॉक्टर दर तीन महिन्यांनी उंची मोजतात. तिच्या अंगापिंडावर चारचौघींत कोणी बोलणार नाही एवढं तू बघ.

काही वाक्यं घरात कोणीच बोलायची नाहीत. 'तुला बोहारणीकडून घेतलं' ही आपल्याकडची नेहमीची थट्टा यांच्यासमोर नको. 'ऐकलं नाहीस तर परत पाठवीन' हे गमतीतही नको, ही भीती त्यांच्या मनात आधीच आहे. 'केवढं पुण्य केलंत' हेही नको, ते ऐकून मुलांना आपण कोणाच्या तरी उपकारावर राहतो असं वाटतं. 'खरे आईवडील कोण', 'जात कोणती', असं कोणी विचारलं तर बाबांनी सरळ सांगावं, ते मुलांचं आहे, मोठी झाली की सांगावंसं वाटलं तर तीच सांगतील. तुम्हालाही मी सगळं सांगितलेलं नाही. राग मानू नका, त्यावर हक्क त्यांचा आहे.

अमेयच्या सासरकडच्यांनी काही विचारलं तर लपवायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे आदेशाच्या तारखेपासून दत्तक मूल सर्व अर्थांनी आमचं मूल होतं. पूर्वी हा आदेश कोर्टातून मिळायचा, २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आदेशाची प्रत मी आणतेच आहे, पण दाखवायची वेळ आणू नका.

साखरपुड्याला येता येत नाही याचं फार वाईट वाटतं. मुलांना सोडून एकटी आले असते, पण पहिल्या वर्षी आई विमानात बसून गेली की ती परत येते हे यांना खरंच वाटत नाही. माझ्या सुट्टीसाठी तुम्ही गुरुजींकडून काढीव मुहूर्त घेतलात, हे मी विसरणार नाही. आम्ही पूर्ण दोन आठवडे असू. रात्री मात्र जवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये झोपू. वेळेत साडेअकरा तासांचा फरक आहे, मुलं मध्यरात्री जागी होतील, आणि हॉलमध्ये अनोळखी माणसांच्या रांगेत ती झोपणार नाहीत. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तोवर आटोपतं, जागा मिळेल. सकाळी चहाला घरीच असू. लग्नात बँडपासून मुलं लांब असतील, आणि त्यांचे फोटो कोणी व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत, हे अमेयने मित्रांना सांगून ठेवावं.

हॉलचे कबूल केलेले पैसे दोन हप्त्यांत देते, अर्धे या महिन्यात, उरलेले एप्रिलनंतर. बाबा, तुम्ही एफडी मोडू नका. दत्तकाच्या खर्चापोटी इथे आयकरात २०२५ सालासाठी प्रत्येक मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत सवलत मिळते, पण ती विवरणपत्र भरल्यावरच, म्हणून हात जरा आखडता आहे. अडचण वगैरे काही नाही. आईच्या गुडघ्याच्या औषधाचे पैसे नेहमीप्रमाणे पाच तारखेला येतील.

दोघांची काळजी घ्या. अमेयला आशीर्वाद.

तुमची,
सोनू

ता. क. सूरजच्या झब्ब्याचं माप आत्ता शिंप्याला देऊ नका, तोवर तो वाढलेला असेल. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मापं पाठवते. पूनमला परकर-पोलका विचारून शिवू, रंग तिलाच निवडू द्या.