तीन टिंबांची कविता: बाईंचे आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

सेमिनारसाठी फ्रेंच कवी शार्ल बोदलेरचं ‘परका’ हे गद्यकाव्य वाट्याला आलं, तेव्हा एकच शंका घेऊन मी तुमच्याकडे आले. वृत्त नाही, यमक नाही, ओळीही मोडलेल्या नाहीत. मग ह्याला कविता का म्हणायचं? तुम्ही व्याख्या सांगत बसला नाहीत. पेन्सिल हातात दिलीत आणि म्हणालात, ‘कोण कोणाला काय म्हणतंय, तेवढ्यावर खुणा कर.’

पानभर नुसता संवाद. प्रत्येक बोलण्याआधी एक आडवी रेघ, ‘तो म्हणाला’सुद्धा नाही. सहा प्रश्न, सहा उत्तरं. पहिला प्रश्न ऐसपैस: वडील, आई, बहीण, भाऊ, कोण जास्त आवडतं? पुढचे तुटक: मित्र? देश? सौंदर्य? सोनं? उलटतपासणीच ती! विचारणारा ‘तू’ म्हणतो, परका मात्र ‘तुम्ही’ सोडत नाही. मूळ फ्रेंच तुम्ही मोठ्यानं वाचलंत आणि तो फरक थेट कानाला लागला. सोन्याबद्दल परका म्हणतो, तुम्ही जसा देवाचा द्वेष करता तसा मी सोन्याचा करतो. हे ‘तुम्ही’ आदराचं की अनेकवचनी? समोरचा एकटा माणूस, की अख्खं पॅरिस? त्यावर आपला चहा गार झाला.

तोवर परक्याचं प्रत्येक वाक्य पूर्ण, नेटकं, जरासं शिष्टच. शेवटी ढगांचा विषय निघतो आणि वाक्य फुटतं: ढग... जाणारे ढग... तिकडे... तिकडे... ‘पद्यात ओळ मोडून जे साधतं, ते इथं टिंबं करतात,’ हे तुमचं वाक्य. सेमिनारमध्ये तुमचं नाव घेऊनच सांगितलं, काळजी नसावी.

ही कविता १८६२ साली ‘ला प्रेस’ ह्या दैनिकात छापली गेली, हेही तुमच्याकडूनच कळलं. बातम्यांच्या शेजारी, बातमीसारखीच सलग दिसणारी! पुस्तक आलं १८६९ मध्ये, बोदलेर गेल्यावर. त्यात हीच पहिली.

एका बाबतीत मात्र आपलं जमलं नाही. तुमच्या मते ढग ही पळवाट. मला वाटतं, सहा प्रश्नांत परका मनापासून बोलतो तो तिथंच. तुम्ही हसून म्हणालात, ‘मग तसंच लिही.’ तसंच लिहिलंय. वाचून भांडायला बोलवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची विद्यार्थिनी