राणीच्या रागामागचं दुखणं: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर एक सांगावं तर दुसरं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. वाचून झालं की हा कागद फ्रिजवर लावा. कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचून दाखवा, कारण दारं सगळ्यात जास्त वेळा त्याच उघडतात.

आपली लॅब्राडोर कुत्री राणी नऊ वर्षांची झाली. इतकी वर्षं जिने कुणाच्या वाट्याला जायचं नाही, ती घरातल्या दुसऱ्या कुत्रीच्या, मैनेच्या अंगावर गेली, मग मनी मांजरीवर धावली. मोठ्या वयाचं शांत कुत्रं असं एकाएकी बदललं की पहिला संशय दुखण्याचा घ्यायचा. माज, मत्सर, हट्ट हे सगळं नंतर. शेजारच्या काकांनी तिला पालथी पाडून दाबून धरायला सांगितलं, म्हणजे 'म्होरक्या कोण' ते तिला कळेल. बाबा, हे चुकूनही करू नका. ही म्होरक्याची कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांना बघून निघाली होती. लांडग्यांवर आयुष्यभर काम केलेले डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच. आणि ज्या कुत्रीची कंबर दुखते तिला जमिनीवर दाबलं, तर ती तुमच्या हातालाच चावेल.

तिच्या गुरगुरण्यावरही रागवायचं नाही. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' ही सूचना असते. त्यासाठी ओरडा बसला की कुत्रं सूचना द्यायचं सोडतं आणि थेट चावतं. गुरगुरली की मैनेला हाक मारून दुसरीकडे न्या, राणीला काही बोलू नका. गुरगुरण्याच्याही आधी दिसणाऱ्या खुणा ओळखायला शिका: चालता चालता एकदम थिजणं, तोंड मिटून घेणं, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघणं, शेपूट उंच आणि ताठ. थिजण्यापासून चावण्यापर्यंत कधी कधी दोन सेकंदही जात नाहीत.

आता डॉक्टर. याच आठवड्यात न्या. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा की कुत्रं चावरं झालंय, म्हणजे ते गर्दी नसलेली वेळ देतील आणि तोंडाला जाळी लावून तपासतील. जायच्या आधी मोबाइलवर तीन व्हिडिओ काढा: झोपेतून उठतानाचा, फरशीवर चालतानाचा समोरून आणि मागून, आणि जिना चढतानाचा. दवाखान्यात भीतीपोटी लंगडणं लपतं, घरच्या व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. लॅब्राडोरचे खुबे आणि पुढच्या पायांची कोपरं या वयात बऱ्याचदा झिजलेली असतात, त्यामुळे दोन्हींचा आणि पाठीचा एक्स-रे मागा. कान आतून बघायला सांगा, पावसाळ्यात लोंबत्या कानांत बुरशी होते आणि डोक्याला हात लावला की कळ जाते. वरची मोठी दाढ चिरली आहे का तेही बघायला हवं. हाड चघळणाऱ्या कुत्र्यांत ती बऱ्याचदा चिरते आणि मग डोळ्याखाली सूज येऊ शकते. रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि गोचीडतापाची तपासणी. गोचीडतापात प्लेटलेट्स उतरतात, सांधे धरतात आणि कुत्रं चिडचिडं होतं. नजर आणि ऐकणं कमी झालं आहे का हेही विचारा, कारण मागून आलेली मैना ऐकूच आली नाही तर राणी दचकून चावणारच.

आई, खाजेवर तिला दिलेल्या गोळीचं पाकीट शोध. त्यावर प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते डॉक्टरांना आधी दाखव. त्या औषधाने भूक-तहान वाढते, काही कुत्री चिडचिडी होतात, आणि ते चालू असताना वेदनाशामक दिलं तर पोटात जखमा होऊ शकतात. घरातली कोंबिफ्लॅम, ब्रुफेन, क्रोसिन यांतलं काहीही राणी-मैनेला द्यायचं नाही. मनीला तर पॅरासिटामोलची एक गोळीही जीवघेणी आहे. एक्स-रेमध्ये फारसं दिसलं नाही तरी डॉक्टरांना विचारा, दोन ते चार आठवडे कुत्र्यांचं वेदनाशामक देऊन बघता येईल का. त्या काळात चिडचिड उतरली तर दुखणंच होतं हे कळेल.

रेबीजचाही विचार सोडायचा नाही. तिघींची लसीकरणाची कार्डं काढून तारखा बघा. गेल्या काही महिन्यांत रस्त्यावरच्या कुत्र्याशी झटापट झाली असेल, किंवा आवाज बदलणं, लाळ गळणं, गिळायला त्रास, तोल जाणं यांपैकी काही दिसलं तर तोंडाजवळ हात न नेता लगेच डॉक्टरांना फोन करा.

डॉक्टरांचं निदान होऊन दुखणं आटोक्यात येईपर्यंत एकच नियम: राणी आणि मैना एका खोलीत नाहीत, पाच मिनिटंही नाहीत. एक दार पुरत नाही, कारण कुणीतरी ते उघडतंच. दोघींमध्ये कायम दोन अडथळे हवेत. मैना मागच्या बेडरूममध्ये दार लावून, आणि पॅसेजच्या तोंडाशी सुताराकडून जाळीचं फाटक. फाटक चार फुटांचं करून घ्या. बाजारात मिळणारं लहान मुलांचं फाटक मैना सहज ओलांडेल. दर दोन-तीन तासांनी अदलाबदल करा. बेडरूमच्या कडीला लाल चिमटा असेल तर 'मैना आत' असा अर्थ ठेवा. दोघींना खाणं वेगवेगळ्या खोल्यांत, पंधरा मिनिटांनी भांडी उचलायची. हाडं, चेंडू, चघळायच्या वस्तू सध्या माळ्यावर. आणि आई, पोळ्या लाटताना उंबऱ्यापाशी दोघींना तुकडे टाकायची तुझी सवय तेवढी बंद कर. दोन फुटांच्या दारात दोन कुत्री, मध्ये अन्न आणि तुझे पाय, याहून वाईट जागा घरात नाही.

बाल्कनीच्या जाळीला खालून तीन फूट पत्रा किंवा जाड कापड बांधा. खाली रस्त्यावर कुत्री दिसतात, मैना भुंकून भुंकून पेटते, खाली जाता येत नाही म्हणून तो राग शेजारी उभ्या असलेल्यावर निघतो. त्यात भर म्हणजे म्हात्रे पुलाकडे नदीपात्रात ढोलपथकांचा सराव. दचकल्यावर अंग आखडतं, आखडलं की सांधे आणखी दुखतात. संध्याकाळी राणीला आतल्या खोलीत, खिडक्या-पडदे लावून, पंखा मोठा करून ठेवा. गणपतीच्या दहा दिवसांत दोघींची गाठ घालायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिच्या नेहमीच्या वाटेवर रबरी चटया टाका आणि नखं कापून घ्या. घसरणारं कुत्रं सतत ताणात असतं.

मनीची खाण्याची ताटली आणि मातीचा ट्रे कुत्र्यांना पोचता येणार नाही अशा जागी हवेत. प्रत्येक खोलीत तिला उडी मारून चढायला एक कपाट मोकळं ठेवा. तिला दात लागला असं वाटलं आणि बाहेर बारीक भोकच दिसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर. मांजराची कातडी वरून मिटते आणि आत फाटलेलं पिकत जातं.

तरीही जुंपलीच, तर हे नीट वाचा. मध्ये हात घालायचा नाही, गळपट्टा धरायचा नाही. बहुतेक माणसं तिथेच चावून घेतात. आरडाओरडा केला की कुत्री आणखी चवताळतात. हॉलमध्ये कोपऱ्यात बादलीभर पाणी आणि एक जाड चादर कायम ठेवा. पाणी तोंडावर फेकायचं, नाहीतर चादर दोघींच्या डोक्यांवर. सुताराकडून सहा मिलिमीटरच्या प्लायवूडची तीन फूट बाय अडीच फूट फळी करून घ्या, वरच्या कडेला हात घालायला खाच. ती दोघींमध्ये सरकवली की त्यांना एकमेकी दिसत नाहीत. जाडी वाढवू नका, तुम्हाला उचलायला जड होईल. मागचे पाय धरून ओढायची पद्धत तुम्ही ऐकली असेल, पण त्याला दोन धडधाकट माणसं लागतात आणि राणीच्या खुब्यांना ती सोसणार नाही. सुटल्या की वेगवेगळ्या खोल्यांत, आणि पुढचे दोन-तीन दिवस एकमेकींचं दर्शनही नको. शरीरातला ताण तासाभरात उतरत नाही.

माणसाला चावा बसला तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. बाबा, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि डॉक्टरांना ती गोळी सांगा. राणी-मैनेच्या लसी वेळेवर असल्या तरी त्याच दिवशी दाखवायचंच. पुणे महापालिकेच्या रुग्णालयांत, मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयातही, रेबीजची लस मिळते. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, कातडीत घ्यायची ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आपण होऊन विचारा. जखम लगेच शिवून घेऊ नका. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं.

दुखणं आटोक्यात येऊन तीन आठवडे शांत गेले की मगच पुन्हा ओळख. तोवर राणीला तोंडाच्या जाळीची सवय लावा. टोपलीसारखी हवी, जिच्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी आवळ जाळीत कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, ते तापतं. पहिले काही दिवस जाळीच्या आत हरभऱ्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवायचे आणि तिने आपणहून तोंड घालायचं. बंद लावायची घाई नको, दहा-पंधरा दिवस लागतात.

मग दोघींच्या चादरी बदलून एकमेकींचा वास. त्यानंतर सकाळी लवकर, आतल्या गल्लीत, दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये चाळीस-पन्नास फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालणं, दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. राणीचा पट्टा तुम्ही दोघांनीही धरायचा नाही. तीस किलोचं कुत्रं हिसका देईल तर खाली पडाल. कुत्री फिरवणारा मुलगा ठेवा, पैसे मी पाठवते. मैनेचा पट्टाही हाताला गुंडाळू नका. अंतर दर दोन-तीन दिवसांनी थोडं कमी करा. कुणीही थिजली की आदल्या अंतरावर परत. घरात पहिली भेट फाटकाच्या दोन बाजूंना, आठ फुटांवर, तीन मिनिटं, खाऊ देत. ते कंटाळवाणं वाटायला लागलं की बरोबर चाललंय. त्यानंतरच हॉलमध्ये, पट्टा आणि जाळीसकट, तो फिरवणारा मुलगा घरात असताना.

डॉक्टरांनी फ्लुऑक्झेटिनसारखी मन शांत करणारी गोळी सुचवली तर घाबरू नका, पण तिचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसते.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. दोन माद्यांमधली भांडणं चिवट असतात, आणि मैना दोन वर्षांची, नुकती वयात आलेली. कशाने पेटतात ते कळत नसेल, किंवा चावून धरून झटकणं सुरू झालं असेल, तर दोघींना जन्मभर वेगळं ठेवण्यात काही गैर नाही. तुम्हाला ती दारं सांभाळणं जड झालं तर मैना माझ्याकडे येईल. एकीलाही बाहेर सोडायचा किंवा कुणाला देऊन टाकायचा विषय नको. आधी राणीचे एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट फोटो काढून पाठवा, आणि सुताराला उद्याच बोलवा.

तुमची,
शुभा