'तरी' हा शब्द काढ

बडोदे

प्रिय मित्रा,

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. निरनिराळ्या घरांतली मुलं दाखवणारं चित्रपुस्तक मराठीत हवंच आहे, आणि ते तू करतो आहेस याचा मनापासून आनंद झाला. म्हणूनच स्पष्ट लिहिते.

तू दर पानावर एकेक कुटुंब आणलं आहेस. कुणाकडे नुसती आई, कुणाकडे आजी-आजोबा, कुणाकडे दोघी आया. पान उलटलं की ते घर संपलं. ज्या मुलाचं घर तसं आहे त्याच्या वाट्याला एकच पान, तेही नमुना म्हणून. त्यापेक्षा एकच घर घे आणि त्याला अख्खी बत्तीस पानं दे. गोष्ट मात्र त्या घराबद्दल नको, दुसऱ्याच कशाची तरी असू दे.

उत्तरायणच घे ना. पतंग शेजारच्या टाकीवर अडकलाय. मुलगी दोर ओढतेय, फिरकी आजोबांच्या हातात आहे, आई जिन्यातून चिक्कीचं ताट घेऊन वर येतेय. बाबा कुठेच नाहीत आणि मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही. खाली दारात चपलांचे तीनच जोड काढ. चार-पाच वर्षांची मुलं अशा गोष्टी आपल्याआधी पाहतात. तुझं 'तिला बाबा नाहीत, तरी ती आनंदात आहे' हे वाक्य काढून टाक. त्यातल्या 'तरी'ने मुलीच्या घराला उणं ठरवलं आहे. शेवटच्या पानावर सगळे काका-आत्या गोळा करून भरलं घर दाखवण्याचा मोहही टाळ, त्याचाही अर्थ तोच होतो.

शब्दांत मराठीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. 'आई'चं अनेकवचन 'आया', आणि पाळणाघरात मुलं सांभाळणारी बाईही 'आया'. मोठ्याने वाचताना 'तिच्या दोन आया' ऐकून मूल भलतंच समजेल. घरातलं मूल असं म्हणतच नाही, ते एकीला आई आणि दुसरीला अम्मा किंवा माई म्हणतं. तेवढं लिही, 'दोघी आल्या' या क्रियापदातून बाकीचं कळतं. 'सावत्र' शब्दाला जुन्या गोष्टींतला छळ चिकटलेला आहे, तो नको. 'दत्तक मुलगी' असं विशेषण तिच्या नावाला कायमचं जोडू नकोस. दत्तक घेणं ही एकदा घडून गेलेली गोष्ट आहे, म्हणून ती भूतकाळातच येऊ दे. 'खरी आई' तर कोणाच्याच तोंडी नको.

दत्तकाच्या चित्रांत तपशिलाच्या दोन चुका आहेत. तुझ्या सहाव्या जोडपानावर एकट्या पुरुषाने मुलगी दत्तक घेतली आहे. बालन्याय कायद्याप्रमाणे एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा कर, किंवा ती त्याची भाची आहे असं दाखव. दुसरं, हातोडा घेतलेला न्यायाधीश. २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. मला विचारशील तर तो प्रसंग गाळच. मुलाच्या आठवणीत पहिल्या रात्रीची चादर राहते, कचेरी राहत नाही.

आता छपाई. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे म्हणजे बत्तीस पानं. पहिलं पान शीर्षकाला, दोन-तीन श्रेयाला आणि अर्पणाला, मग चार-पाचपासून तीस-एकतीसपर्यंत चौदा जोडपानं, आणि शेवटचं एक सुटं. गोष्ट या चौदांत बसायला हवी. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून पिन मार, बत्तीस पानांची डमी तयार होते. संगणकावर कितीही पाहिलंस तरी पान उलटण्याची जागा या डमीतच कळते. पतंग सुटतो ते उजव्या पानावर नको, उलटल्यावर दिसू दे.

घडीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जागेत चेहरा किंवा धरलेले हात नकोत. तुझ्या चित्रात आजोबा डाव्या पानावर आणि नात उजव्या, मधली घडी दोघांना तोडते. त्यांना एकाच पानावर आण. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा चित्राचा जादा भाग, ठेव. मजकूर दर जोडपानाला दोन-तीन ओळी, अक्षर वीस पॉइंटचं.

सगळ्यात जास्त जप त्वचेच्या रंगाला. आई सावळी आणि मुलगी तिच्याहून उजळ, हा फरक तू बोलून दाखवला नाहीस हे फार चांगलं केलंस. पण मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, मधल्या छटा गडद होतात. मग दोघींचे चेहरे सारखेच काळपट येतात आणि आईचे डोळेही हरवतात. सावळा रंग पिवळ्या आणि मॅजेंटा (गुलाबीसर) शाईपासून बनव, सायन (निळसर) थोडाच. काळी शाई फक्त रेषेला. सायन वाढला की चेहरा हिरवट, आजारी दिसतो. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, गुळगुळीत आर्ट पेपरवर दिलं तर घेऊ नकोस, ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्यावरच माग.

वाचनालयांसाठीच्या प्रतींना पिन पुरत नाही, मधली पानं आधी सुटतात. त्यांना जुजबंदी, म्हणजे घडीतून दोऱ्याने घातलेली शिलाई, करून घे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरवली. आपल्या शहरात मुलांचं पुस्तक अनेक हातांतून जाणार हे धरूनच बांधावं.

छापण्याआधी चार ते सात वर्षांच्या पाच-सहा मुलांना डमी वाचून दाखव. 'काय शिकलात' विचारू नकोस. 'या घरात कोण कोण राहतं?' एवढंच विचार आणि बोट कुठे जातं ते बघ. कुणी 'हिचे बाबा कुठेत?' म्हणालं तर उत्तर देऊ नकोस, पान मागे उलटून पुन्हा बघू दे. मुलं मोजतात आणि पुढे पतंगाकडे जातात. ती बाबांपाशीच अडून राहिली तर गच्चीवरच्या चित्रात रिकामी जागा फार मोठी राहिली आहे, आजोबांना पुढे घे.

सुधारलेली डमी पाठव. सोबत त्या कागदावर छापलेले मायलेकींचे चेहरे हवेत, ते उन्हात धरून बघायचे आहेत.

तुझी मैत्रीण