फंडिंग म्हणजे नफा नव्हे

संपादक साहेब,

हल्ली कुण्या स्टार्टअपने गुंतवणूकदारांकडून फंडिंग उचललं की लगेच पेपरात फोटो, अहो पण ती कमाई नाही, दुसऱ्याचा पैसा आहे. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगत होते, २०२४ ला दिवाळखोरीची केस. आमच्या इथला फॅब्रिकेशनवाला पत्रा रोखीने आणतो, बिल फाडलं की जीएसटी भरतो, मग पार्टीने पैसे दिलेले असोत नाहीतर नसोत. लहान उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे म्हणे, पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? आणि कर्जासाठी बँकेत गेला की आधी तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न काढा. त्याचाही फोटो छापा की कधीतरी.

– एक वाचक, भोसरी