उंबर फोडून बघ

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

'उत्क्रांतीमागे निर्मात्याचा हेतू आहे' हा तुझ्या वादविवादाचा विषय कळला. बाजू कुठलीही येवो, सुरुवात उंबरापासून कर. उंबर फोडून केंबरं (आतले बारीक, गांधीलमाशीच्या जातीचे किडे) काढू नयेत म्हणतात. तुला तीच काढायची आहेत.

नुकती लाली चढू लागलेला, भोक न पडलेला उंबर घे. ब्लेडने उभा चीर आणि दहापट भिंगाखाली धर. आतल्या भिंतीला खच्चून भरलेली बारीक फुलं दिसतील. उंबर म्हणजे पिशवीत कोंडलेला फुलोराच. काही फुलांत बी, काहींत केंबरांच्या गाठी. केंबराची मादी उंबराच्या टोकाच्या खवल्यांमधून आत घुसते, त्यात बहुधा तिचे पंख तुटतात. ती पराग टाकते, अंडी घालते, आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. माद्या गाठीत असतानाच ते त्यांच्याशी जुगतात, भिंत पोखरून वाट करतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन उडतात, पुढचा उंबर शोधायला त्यांच्या हाती एखाद-दोन दिवस.

हेतूवाला इथे म्हणेल, बघा, कुलूप-किल्ली! म्हणू दे. मग त्याला दुसरं केंबरू दाखव. ते बाहेरूनच लांब सुईसारखी नळी खुपसून अंडी घालतं. परागाचं काम शून्य, पिल्लं मात्र आतल्या वाट्यावर पोसतात. हेतू पहिल्याचा असेल तर याचाही असला पाहिजे.

१८६०मध्ये डार्विनने आसा ग्रे यांना हेच लिहिलं होतं, फक्त उदाहरण जिवंत अळीला आतून खाणाऱ्या गांधीलमाशीच्या जातभाईंचं. ग्रे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ, श्रद्धावान आणि तरी नैसर्गिक निवडीचे पाठीराखे. नियम कदाचित योजलेले असतील, बारीकसारीक तपशील योगायोगावर सोडलेला असेल, इथवर डार्विन आला. पण त्याचंही समाधान झालं नव्हतं.

आपल्याकडे हा वाद वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांत आहे (२.१.३२ ते ३४). पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, नेमका आहे: हेतू म्हटला की उणीव आली, आणि पूर्णाला कसली उणीव? उत्तर: लीला, म्हणजे हेतूवाचून सहज चाललेला खेळ. शंकराचार्य श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात, तो कोणी हेतू धरून करत नाही. मग एक सुखी, एक दुःखी असं का? तर ईश्वर पावसासारखा, सगळ्यांवर सारखाच पडतो. साळ उगवेल की सातू, ते बियाणं ठरवतं. इथे घसरू नकोस. त्यांचं बियाणं म्हणजे जीवाचं पूर्वकर्म, डार्विनचं म्हणजे आनुवंशिक फरक. दोन्ही एकच, असं म्हणालीस की परीक्षक तिथेच पकडतील.

दशावतारात उत्क्रांती सांगितली आहे, हे म्हणणंही तसंच. मत्स्यापासून कूर्म जन्मला असं कोणी सांगितलेलं नाही. तो अवतारांचा क्रम आहे, वंशावळ नव्हे. टाळ्या मिळतील, गुण जातील.

'सगळं माणसासाठी' हा मुद्दा कोणी काढलाच तर ट्रायलोबाइट्स (नामशेष झालेले कवचवाले समुद्री जीव) पुढे कर: सुमारे २७ कोटी वर्षं समुद्रात नांदले आणि माणूस यायच्या २५ कोटी वर्षं आधी संपले. ते कोणासाठी?

लीलेवर मात्र असा घाव बसत नाही. काहीही दिसलं तरी ती खोटी ठरत नाही, म्हणून तिला तत्त्वज्ञानात ठेव, पुरावा म्हणून मांडू नकोस.

उंबराचा चीक बोटांना लागला तर आधी तेल चोळ, मग साबण. नुसत्या पाण्याने निघत नाही.

तुझा,
बाबा